निवृत्त युद्धयंत्रं परत आणणं इतकं अवघड का असतं?

ब्लॅकबर्ड पुन्हा उडायला हवं, आयोवा वर्गातल्या युद्धनौका पुन्हा समुद्रात उतरायला हव्यात, टॉमकॅटसारखं विमान पुन्हा बनायला हवं. लष्करी यंत्रांचं वेड असलेली चार माणसं एकत्र आली की यातली एखादी तरी मागणी निघतेच. मीही त्याच वेडातला, त्यामुळे या मागणीमागे नुसतं स्मरणरंजन असतं असं मला वाटत नाही. ही यंत्रं खरोखर विलक्षण होती, आणि त्यांतल्या काहींनी जे करून दाखवलं ते पुढे दुसऱ्या कुणाला जमलं नाही. एसआर-७१ ब्लॅकबर्ड या अमेरिकी टेहळणी विमानाने १९७६ साली ताशी सुमारे ३,५२९ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला. जेट इंजिनावर चालणाऱ्या, आत वैमानिक असलेल्या विमानांत तो विक्रम आजही अबाधित आहे. मग मनात येतंच, की १९६०च्या दशकात जे जमलं ते आजच्या संगणकांच्या आणि यंत्रमानवांच्या काळात का जमू नये?

जमत नाही त्याची कारणं समजून घ्यायला याच विमानापासून सुरुवात करू.

ब्लॅकबर्ड ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने, जवळजवळ २६ किलोमीटर उंचीवरून उडायचं. एवढ्या वेगात हवेच्या घर्षणाने त्याचा पृष्ठभाग कित्येक ठिकाणी ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापायचा. ॲल्युमिनियम या तापमानाला टिकत नाही, म्हणून सांगाडा बहुतांशी टायटॅनियमचा. टायटॅनियम तेव्हा मुख्यतः सोव्हिएत संघाकडून मिळायचं, आणि विमान तर सोव्हिएत संघावरच नजर ठेवायला बनत होतं. अमेरिकेने मधल्यामध्ये बनावट कंपन्या उभ्या करून ते विकत आणलं. तापल्यावर अख्खं विमान काही इंचांनी लांब व्हायचं. या ताणामुळे टाक्यांच्या सांध्यांतलं सीलंट तडकायचं आणि जमिनीवर उभ्या विमानातून इंधन ठिबकायचं. साधं जेट इंधन इतक्या उष्णतेत धोक्याचं, म्हणून जेपी-७ नावाचं खास इंधन तयार केलं. ते सहजासहजी पेट घेत नसे, इतकं की इंजिन सुरू करायलासुद्धा ट्रायएथिल बोरेन नावाचं रसायन आत सोडावं लागे. हे रसायन हवा लागताच पेटतं, त्यामुळे इंजिन सुरू होताना हिरवट ज्वाळा दिसे. प्रत्येक इंजिनाला या रसायनाचे मोजकेच डोस मिळत. ते संपले की हवेत बंद पडलेलं इंजिन पुन्हा पेटवायची सोय नाही.

आता मागे काय काय उभं होतं ते बघा. जेपी-७ बनवणारा तेलशुद्धीकरण कारखाना. ते इंधन हवेत भरण्यासाठी केसी-१३५क्यू नावाची वेगळी टँकर विमानं आणि त्यांचे वैमानिक. अंतराळवीरांसारखे दाबयुक्त पोशाख शिवणारे आणि तपासणारे लोक. विशेष टायर, विशेष तेल, विशेष कॅमेरे. टायटॅनियम कापताना कुठलं हत्यार चालतं आणि कुठल्याने धातू ठिसूळ होतो हे हाताने शिकलेले कामगार. विमान संग्रहालयात ठेवता येतं. हे सगळं ठेवता येत नाही. शिवाय ब्लॅकबर्ड जोडण्याचे साचे आणि जिग, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या चौकटी, १९६८ मध्येच सरकारी आदेशाने मोडीत काढले गेले. विमान सेवेत होतं, पण त्याच्यासारखं दुसरं बनवायचा रस्ता तेव्हाच बंद झाला.

तरीही ब्लॅकबर्ड एकदा परत आलं होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९९० मध्ये ते निवृत्त झालं. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने काही विमानं पुन्हा उडवायला पैसे मंजूर केले आणि १९९५ पासून ती उडू लागली. जमलं, कारण मधे फक्त पाच वर्षं गेली होती, माणसं सापडत होती आणि नासा संशोधनासाठी काही ब्लॅकबर्ड उडवतच होती. पण त्याचं काम मात्र तोवर बरंचसं उपग्रहांकडे गेलं होतं, हवाई दलाला खर्च नको होता आणि पुढे राष्ट्राध्यक्षांनीच त्याचा निधी कापला. १९९८ मध्ये ते कायमचं निवृत्त झालं. नासाने शेवटचं उड्डाण ऑक्टोबर १९९९ मध्ये केलं.

साचे जपून ठेवले असते तर? याचं उत्तर एफ-२२ रॅप्टरने दिलं आहे, आणि माझ्या मते या विषयावरचं ते सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. हे लढाऊ विमान बनवणं २०११-१२ मध्ये थांबलं, पण या वेळी शहाणपणाने साचे आणि हत्यारं कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी आगारात नीट बांधून ठेवली. कामगार नेमकं काय करतात याची चित्रफितीसकट नोंद ठेवली. पुढे संसदेने विचारलं, पुन्हा बनवायला काय लागेल? हवाई दलाने २०१७ मध्ये हिशेब दिला. १९४ विमानांसाठी सुमारे ५० अब्ज डॉलर. त्यातले जवळजवळ १० अब्ज तर उत्पादन नुसतं सुरू करण्यासाठी, म्हणजे पहिलं विमान जोडायला घेण्याआधीच. सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कंपन्यांपैकी काही बंद पडलेल्या, काहींनी धंदा बदललेला, विमानातली इलेक्ट्रॉनिक्स जुनी झालेली. प्रस्ताव तिथेच मिटला. एवढं जपून, अवघ्या पाच वर्षांत ही स्थिती, तर ५० वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या यंत्राची कल्पना करा.

आराखडे आहेत ना, मग अडतं कुठे, हा प्रश्न नेहमी येतो. अडतं ते आराखड्यात न उतरलेल्या गोष्टींवर. याचा एक धडा अमेरिकेच्या अण्वस्त्र कारखान्याला मिळाला. डब्ल्यू७६ या अण्वस्त्रात ‘फॉगबँक’ अशा टोपणनावाचा एक गुप्त पदार्थ लागतो. टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे तो १९८९ पर्यंत बनत होता. नंतर उत्पादन थांबलं आणि तिथली यंत्रणा मोडली. २००० नंतर जुन्या अस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की नोंदी अपुऱ्या आहेत आणि बनवणारी बहुतेक माणसं निवृत्त झाली आहेत किंवा सोडून गेली आहेत. कारखाना पुन्हा उभारला, जुनी कृती तंतोतंत पाळली, तरी पदार्थ हवा तसा उतरेना. वर्षं गेली, कोट्यवधी डॉलर गेले. शेवटी कारण सापडलं: जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि नेमकी तीच अशुद्धी पदार्थाला लागणारा गुण देत होती. नव्या कारखान्यातली शुद्धीकरणाची पद्धत जास्त चांगली होती, म्हणून ती अशुद्धी निघून जात होती. जुन्या काळी हे बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. जे त्यांनाच माहीत नव्हतं ते कागदावर येणार कुठून?

यंत्रांच्या चाहत्यांचा सगळ्यात मोठा जीव असतो तो युद्धनौकांवर, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

आयोवा, न्यू जर्सी, मिसुरी आणि विस्कॉन्सिन या चार नौका दुसऱ्या महायुद्धात बनल्या. प्रत्येकीवर १६ इंची नऊ तोफा, तीन बुरुजांत तीन-तीन. चिलखत भेदणारा एक गोळा सुमारे १,२२५ किलोचा, पल्ला ३८ किलोमीटरच्या आसपास. जपानने शरणागतीवर सही केली ती मिसुरीच्या डेकवर. या नौका निवृत्त होऊन पुन्हा पुन्हा परत आल्या: कोरियाच्या युद्धात, न्यू जर्सी एकटी व्हिएतनामला, आणि १९८०च्या दशकात चारही, टोमाहॉक क्षेपणास्त्रं बसवून. १९९१च्या आखाती युद्धात मिसुरी आणि विस्कॉन्सिनने तोफाही डागल्या आणि क्षेपणास्त्रंही सोडली. विस्कॉन्सिनचं छोटं टेहळणी ड्रोन डोक्यावर घिरट्या घालताना पाहून इराकी सैनिक त्या ड्रोनलाच शरण आले, कारण त्याच्या मागून गोळे येतात हे त्यांना कळून चुकलं होतं. ‘तीनदा परत आल्या, तर चौथ्यांदा का नाही?’ हा चाहत्यांचा सवाल त्यामुळे गैर वाटत नाही.

पण ती एक तोफ डागायला काय लागतं ते पाहा. बुरुज म्हणजे वर दिसणारी पोलादी पेटी एवढाच भाग नव्हे; तो नौकेच्या पोटात कित्येक मजले खाली जातो. गोळा खालून पाळण्याने वर येतो, ट्रेवर आडवा होतो, यांत्रिक दट्ट्या त्याला नळीत ढकलतो. मग रेशमी कापडात शिवलेल्या दारूच्या सहा पिशव्या, प्रत्येक सुमारे ५० किलोची, त्याच्या मागे सरकवतात. या वेळी दट्ट्या हळू चालवावा लागतो. मग तोफेचं पाठचं झाकण बंद, नळी वर, आणि बार. एका बुरुजात सत्तरहून अधिक माणसं हे काम करायची, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या हालचालीचा अंदाज असावा लागायचा. १९ एप्रिल १९८९ रोजी आयोवाच्या दुसऱ्या बुरुजात दारू भरताना स्फोट झाला आणि ४७ खलाशी मेले. नौदलाने आधी एका खलाशावर ठपका ठेवला, पण नंतरच्या चाचण्यांत पिशव्या जास्त जोराने आत ढकलल्या गेल्या असण्याची शक्यता पुढे आली, नौदलाने त्याच्या कुटुंबाची माफी मागितली आणि नेमकं कारण कधीच निश्चित झालं नाही. वापरलेली दारू मात्र दशकं जुनी होती. ही घटना वाचताना माझं मन दर वेळी त्या बुरुजातल्या तरुण पोरांकडे जातं. जुनं यंत्र परत आणायचं म्हणजे त्याच्या पोटात पुन्हा माणसं उतरवायची, हे आपल्या उत्साहात सुटून जाता कामा नये.

बाकीचा हिशेबही कठीण आहे. या नौकांची इंजिनं वाफेवर चालतात. आठ बॉयलर, आणि ते सांभाळणारं मनुष्यबळ आता आटत चाललं आहे. १९८०च्या दशकातही एका नौकेवर दीड हजारांहून जास्त माणसं लागत, आजची आधुनिक विनाशिका तीनशेच्या आसपास माणसांत चालते. १६ इंची तोफेच्या नळ्या आणि गोळे आज कुणीही बनवत नाही. आणि ३८ किलोमीटर पल्ला म्हणजे शत्रूच्या किनाऱ्यापासून तेवढ्या जवळ जाणं, जेव्हा किनाऱ्यावरून ट्रकवर ठेवलेलं जहाजवेधी क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटरवरून येऊ शकतं. चिलखत जाड आहे हे खरं, पण रडार आणि अँटेना चिलखताबाहेरच असतात.

‘क्षेपणास्त्र महाग, गोळा स्वस्त’ हा युद्धनौकांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकी नौदलाने तोच मुद्दा धरून झुमवाल्ट वर्गाच्या नौकांवर १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफा बसवल्या होत्या. पण ३२ नौकांची योजना तीनवर आली, आणि दूर मारा करणारा खास गोळा इतक्या थोड्या संख्येत बनवायचा म्हटल्यावर एकेकाची किंमत ८ लाख डॉलरच्या घरात गेली. २०१६ मध्ये तो गोळाच रद्द झाला. नव्याकोऱ्या नौकेवर नव्याकोऱ्या तोफा, आणि डागायला काही नाही! गोळा स्वस्त असतो तो लाखोंनी बनत असतो तेव्हा.

काही यंत्रांचा रस्ता राजकारणाने बंद केला. एफ-१४ टॉमकॅट अमेरिकेने २००६ मध्ये निवृत्त केलं, पण हेच विमान इराणने क्रांतीपूर्वी विकत घेतलेलं होतं. सुटे भाग चोरवाटेने तिकडे जाऊ नयेत म्हणून संग्रहालयांत गेलेली सोडून बाकी बहुतेक विमानं चक्क तुकडे तुकडे करून टाकली. तिथे परत आणायला काही उरलंच नाही. सोव्हिएत एक्रानोप्लान ‘लुन’ची गोष्ट वेगळी: पाण्याच्या पृष्ठभागाला लागून, पंखाखाली दाबल्या जाणाऱ्या हवेच्या गादीवर धावणारं, पाठीवर सहा क्षेपणास्त्रं घेतलेलं ते अजस्र यंत्र. दिसायला याहून अद्भुत काही नाही. पण हवेची गादी मिळते ती पृष्ठभागाच्या अगदी जवळ, म्हणजे समुद्र खवळला की अडचण, आणि पाण्याची पकड सोडवून उठायला आठ इंजिनं. एकच लुन सेवेत आलं. २०२० मध्ये ते कॅस्पियन समुद्रातून ओढून दर्बेंतजवळच्या किनाऱ्यावर संग्रहालयासाठी नेलं गेलं.

आता परत आलेल्यांकडे वळू, कारण तशीही आहेत. ॲरिझोनात टुसॉनजवळ डेव्हिस-मॉन्थन तळावर अमेरिकेची हजारो जुनी विमानं उभी असतात. हवा कोरडी, त्यामुळे गंज कमी. जमीन इतकी टणक की डांबरी धावपट्टीशिवाय जड विमान उभं राहतं. परत लागू शकतील अशा विमानांची इंजिनं आणि काचा पांढऱ्या आवरणाने सील करतात, म्हणजे आत धूळ जात नाही आणि ऊन परतवलं जातं. २००८ पासून तिथे उभं असलेलं ‘घोस्ट रायडर’ नावाचं बी-५२ बॉम्बर २०१५ मध्ये पुन्हा उडालं. २०१९ मध्ये ‘वाइज गाय’ नावाचं दुसरंही उडालं. दोन्ही वेळा आधीचं एक बॉम्बर दुर्घटनेत गेलं होतं आणि जागा रिकामी होती. मुख्य म्हणजे त्यांची सत्तरहून जास्त भावंडं उडतच होती. वैमानिक, मेकॅनिक, सुटे भाग, नियमावली, सगळं चालू स्थितीत. फक्त एक विमान कमी पडलं होतं.

ब्रिटनच्या व्हल्कन बॉम्बरचं परतणं याहून रोमांचक. १९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी युद्ध पेटलं तेव्हा व्हल्कन निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतं. असेन्शन बेटावरून फॉकलंडला जाऊन यायचं तर हवेत अनेकदा इंधन भरावं लागणार, आणि व्हल्कनची ती सोय कित्येक वर्षं वापरात नव्हती. इंधन घ्यायच्या नाकावरच्या नळ्या कमी पडल्या, तेव्हा हवाई दलाने संग्रहालयांत आणि तळांवर उभ्या जुन्या विमानांवरून त्या काढून आणल्या. १ मेच्या पहिल्या हल्ल्यात एका व्हल्कनसाठी ११ व्हिक्टर टँकर उडाले, २१ बॉम्ब पडले आणि त्यातला एक धावपट्टीवर लागला. त्या एका खड्ड्यामागची माणसांची धडपड मला फार मोठी वाटते.

पुढे एक्सएच५५८ हे व्हल्कन लोकवर्गणीतून दुरुस्त होऊन २००७ मध्ये पुन्हा उडालं, लढायला नव्हे, लोकांना दिसायला. त्याच्या ऑलिंपस इंजिनांचा साठा मर्यादित होता. मे २०१२ मध्ये टेकऑफला धावताना दोन इंजिनं एकाच वेळी निकामी झाली. विमान उभं असताना ओलावा शोषायला हवेच्या मार्गात ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या काढायच्या राहून गेल्या होत्या. एक इंजिन त्या पिशव्यांनी गेलं आणि त्याचे तुकडे शेजारच्यात शिरले. वैमानिकांनी विमान धावपट्टीवरच थांबवलं, कुणाला काही झालं नाही, ते पुन्हा उडालंही. पण ऑक्टोबर २०१५ मध्ये ते थांबलं, कारण उड्डाणाला तांत्रिक मान्यता देणाऱ्या कंपन्यांनी पाठिंबा काढून घेतला. त्या काळचं विमान जाणणारे अभियंते संपत चालले होते, आणि जाणकार नसताना ‘सुरक्षित आहे’ अशी सही करायला कुणी धजेना. मला तो निर्णय बरोबर वाटतो, कितीही वाईट वाटलं तरी.

शेवटी गेपार्ड. जर्मनीची ही विमानवेधी तोफगाडी: लेपर्ड-१ रणगाड्याच्या सांगाड्यावर ३५ मिलिमीटरच्या दोन तोफा, मिनिटाला मिळून ११०० गोळ्या, स्वतःचं रडार. १९७०च्या दशकात कमी उंचीवरून येणाऱ्या विमानांसाठी बनलेली. शीतयुद्ध संपलं, तसं विमान पाडण्याचं काम क्षेपणास्त्रांकडे सोपवून जर्मनीने २०१० मध्ये ती निवृत्त केली. २०२२ मध्ये ती युक्रेनला पोचली आणि एकाएकी तिच्या जोगतं काम समोर उभं राहिलं: हळू, खाली उडणारी, स्वस्त, झुंडीने येणारी शाहेद ड्रोन. अशा ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र खर्चणं परवडत नाही. तोफेच्या थोड्या गोळ्यांत ते पडतं. ड्रोन आलं नसतं तर गेपार्ड आज भंगारात असती.

तिथेही दारूगोळ्याने अडवलं. गोळ्या स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या, आणि तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून स्विस सरकारने त्या युक्रेनला द्यायला नकार दिला. तेव्हा राइनमेटाल कंपनीने जर्मनीत उंटरल्युस इथे या गोळ्यांचं उत्पादन नव्याने उभारलं आणि २०२३ च्या सप्टेंबरात पहिला माल रवाना झाला. युद्ध चालू होतं, गिऱ्हाईक समोर होतं, पैसे देणारं सरकार तयार होतं, म्हणून हे महिन्यांत झालं. आणि स्वतःच्या सैन्यासाठी जर्मनीने गेपार्ड पुन्हा बनवायला घेतली नाही. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी स्कायरेंजर ३० मागवली: आठ चाकांच्या बॉक्सर गाडीवर ३० मिलिमीटरची एकच तोफ, नवं रडार, आणि लक्ष्याजवळ हवेत फुटून बारीक तुकड्यांचा मारा करणाऱ्या गोळ्या.